आधी मागणारा, मग देणारा

बेटा,

तुझा निरोप वाचला. मिरचीच्या खरेदीची पट्टी आणि सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या जागी, खुडणाऱ्या बायांची मजुरी, असे दोन प्रोग्राम तुम्ही पोरींनी सी भाषेत लिहिले. सामाईक भाग वेगवेगळ्या डिरेक्टरींत ठेवला, प्रत्येक डिरेक्टरीची स्टॅटिक लायब्ररी बनवली. इथवर फार चांगलं केलं. आता शेवटी सगळं जोडताना लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू गोल_करा' म्हणून अडून बसतो. ते फंक्शन लायब्ररीत आहे, तू स्वतः पाहिलंस, तरी तो नाही म्हणतो. म्हणून तू लायब्रऱ्यांची नावं मागेपुढे करून पाहून राहिली आहेस.

ते आधी थांबव. असं करता करता लिंक होऊनही जाईल, पण का झालं ते कळणार नाही, आणि पुढे कोणी एक ओळ बदलली की पुन्हा मोडेल. तेव्हा तू नागपुरात कॉलेजला असशील आणि मशीन भिवापुरात दुकानात असेल. उमरेडमार्गे कोणी येईपर्यंत मिरचीची गाडी तोलाशिवाय उभी राहील. म्हणून आज थोडा वेळ दे आणि लिंकर चालतो कसा ते पक्कं कर.

डॉट ए फाइल म्हणजे कंपाइल झालेल्या डॉट ओ फाइलींचा संग्रह, बाकी काही नाही. एआर नावाची कमांड तो बांधते. कोणतं नाव कोणत्या डॉट ओ मध्ये आहे याची सूचीही त्यातच असते. ही सूची पूर्वी रॅनलिब नावाची वेगळी कमांड बनवायची, आता एआरच बनवते. सूची नव्हती त्या काळी युनिक्सवर संग्रहाच्या आतसुद्धा फाइलींचा क्रम लावावा लागे. लॉर्डर नावाची कमांड कोणती फाइल कोणाला हाक मारते त्याच्या जोड्या काढायची आणि टीसॉर्ट त्या जोड्यांवरून सगळ्यांना एका ओळीत लावायची. लॉर्डर आता फारशी कुठे दिसत नाही, पण टीसॉर्ट तुझ्या लिनक्सवर आजही आहे. तिचा उपयोग पुढे सांगतो.

आता लिंकरचं चालणं. हातात यादी घेऊन भिवापूरच्या बाजारातून एकाच दिशेने जाणारा माणूस डोळ्यांसमोर आण. समोरच्या दुकानात यादीतलं जे मिळेल ते तो घेतो. घेतलेल्या वस्तूसाठी आणखी काही लागणार असेल तर ते यादीत लिहितो आणि पुढे निघतो. दुकान मागे पडलं की परत फिरत नाही. बाजाराच्या टोकाला पोचल्यावर यादीत काही उरलं, तर तेच तुझ्या पडद्यावर अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणून छापून येतं.

तुझी लिंकची ओळ अशी होती: मुख्य डॉट ओ, मग छपाई, सामाईक, हिशेब आणि तोल या लायब्रऱ्या. सुटी डॉट ओ फाइल लिंकर न विचारता अख्खी घेतो, म्हणून मुख्य आत आली आणि यादीत दोन नावं चढली, पट्टी_छाप आणि वजन_घे. छपाईत पट्टी_छाप मिळालं, पण त्याला पट्टी_काढ लागतं, ते यादीत गेलं. मग आली सामाईक. गोल_करा तिच्यातच आहे, पण त्या क्षणी ते कोणी मागितलेलंच नाही, म्हणून लिंकर तिच्यातलं काहीही न घेता पुढे गेला. मग हिशेबमधून पट्टी_काढ मिळालं आणि त्याने गोल_करा मागितलं. आता पुढे फक्त तोल. सामाईक मागे पडलेली. संपलं.

म्हणून आधी मागणारा, मग देणारा. तुझ्या प्रोजेक्टपुरती ओळ अशी: मुख्य डॉट ओ, छपाई, हिशेब, तोल, सामाईक, आणि गणिताची लायब्ररी लागत असेल तर मायनस एलएम सगळ्यांच्या मागे. जी लायब्ररी सगळ्यांना लागते आणि जिला कोणीच लागत नाही, तिची जागा शेवटी.

यातली एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती पुष्कळांना रडवते. समज, मुख्य डॉट ओ नेच कुठेतरी गोल_करा वापरलं असतं. मग चुकीच्या क्रमातही सामाईकपाशी पोचताना ते नाव यादीत असतं, लिंकरने ते उचललं असतं, आणि पुढे हिशेबने मागितलं तेव्हा ते आधीच हाताशी असतं. सगळं सुरळीत. मग एक दिवस कोणी मुख्यमधली ती अनावश्यक ओळ काढते आणि लिंक मोडते ती हिशेबच्या नावाने. जिने बदल केला ती म्हणते, मी हिशेबला हातही लावला नाही, आणि ती खरंच बोलत असते. तेव्हा काल चालत होतं एवढ्यावरून क्रम बरोबर होता असं धरू नकोस. एलएलडी नावाचा एलएलव्हीएमचा लिंकर तर मागे पडलेल्या लायब्रऱ्यांतली नावंही लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीचा क्रम त्याच्याकडे निभावून जातो आणि जीएनयूच्या लिंकरवर मोडतो. तो वापरत असाल तर 'वॉर्न बॅकरेफ्स' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे तो निदान सांगेल.

अंदाज करायचा नसेल तर एनएम ही कमांड हाताशी ठेव. लिबहिशेब डॉट ए वर ती चालव. प्रत्येक डॉट ओ चं नाव येईल आणि खाली नावांच्या ओळी. नावाआधी मोठा टी दिसला तर ते फंक्शन इथे लिहिलेलं आहे. मोठा यू दिसला तर इथे फक्त मागितलेलं आहे. तुझ्या हिशेबमध्ये 'टी पट्टी_काढ' आणि 'यू गोल_करा' अशा ओळी दिसतील, आणि सामाईकमध्ये 'टी गोल_करा'. या दोन अक्षरांवरून अख्ख्या प्रोजेक्टचा नकाशा कागदावर काढता येतो. मागणारी लायब्ररी आधी, देणारी नंतर, अशा जोड्या एका फाइलीत लिही आणि टीसॉर्टला दे. ती लिंकचा क्रम काढून देईल, आणि कुठे गोल फिरत असेल तर तेही सांगेल. चार लायब्रऱ्यांना हातानेच जमतं, पण पन्नास झाल्या की ही सवय कामी येते.

एनएममध्ये नाव दिसतं, क्रमही बरोबर, तरी लिंकर नाही म्हणतो, असं झालं तर नावाची अक्षरं बारकाईने बघ. छपाईची डिरेक्टरी कोणी सी प्लस प्लसमध्ये लिहिली असेल तर तिथे मागितलेलं नाव साधं गोल_करा राहत नाही. पुढे अंडरस्कोर झेड आणि मागे प्रकारांची अक्षरं जोडलेलं लांब नाव होतं. सीच्या हेडर फाइलीत एक्स्टर्न सी लिहिलं की दोघांचं जुळतं.

आता मेकफाइल. इथे एक गल्लत फार जण करतात. लायब्रऱ्यांची नावं एलडीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये घालतात. जीएनयू मेकच्या अंगभूत नियमात एलडीफ्लॅग्ज येतं ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी आणि एलडीलिब्ज येतं नंतर. म्हणजे नावं आधीच्या जागी घातली की लिंकर रिकामी यादी घेऊन सगळ्या लायब्रऱ्या ओलांडून जातो. वाट सांगणारा मायनस मोठा एल एलडीफ्लॅग्जमध्ये, आणि लायब्ररीचं नाव सांगणारा मायनस छोटा एल एलडीलिब्जमध्ये. ऑटोमेक वापराल तिथेही तसंच: तुमच्या स्वतःच्या लायब्रऱ्या एलडीॲडमध्ये. शेअर्ड लायब्ररी असली की क्रम कसाही चालतो, असं जुनी मंडळी सांगतील. उबुंटूने 11.10 या आवृत्तीपासून 'ॲज नीडेड' हा पर्याय मुळातच चालू ठेवला, तेव्हापासून तिथे तेही चालत नाही.

तुमच्या स्वतःच्या लायब्रऱ्यांना मात्र मायनस एल वापरूच नकोस, सरळ वाट लिही: वरच्या डिरेक्टरीतून हिशेब, त्यात लिबहिशेब डॉट ए. एक कारण असं की मायनस एल म्हटलं की त्याच ठिकाणी त्याच नावाची शेअर्ड लायब्ररी असेल तर लिंकर आधी ती घेतो. दुसरं कारण जास्त मोठं आहे. ती वाट मेकफाइलमध्ये प्रोग्रामच्या अवलंबनांत लिहिता येते.

याचं महत्त्व तुझ्याच प्रोजेक्टवरून बघ. समज, आधी तुम्ही मजुरीतले वरचे पैसे कापून टाकत होता, आणि आता ठरवलं की पुढचा पूर्ण रुपया द्यायचा. गोल_करा बदललं, सामाईकमध्ये मेक चालवलं, लायब्ररी नवी झाली. पट्टीचा प्रोग्राम पुन्हा लिंक केला. पण मजुरीच्या मेकफाइलला सामाईकशी आपला संबंध आहे हेच माहीत नाही. तिची स्वतःची डॉट सी फाइल बदललेली नाही, म्हणून मेक म्हणतं सगळं ताजं आहे. दुकानात गेला तो जुनाच प्रोग्राम. दिवसभर मिरची खुडून उठलेल्या बाईला जुन्या नियमाने पैसे मिळतील आणि पडद्यावर कुठेही चूक दिसणार नाही. अडलेली लिंक परवडली, निदान ती ओरडून सांगते. ही गप्प राहते.

प्रत्येक डिरेक्टरीत जाऊन वेगळं मेक चालवण्याची जी पद्धत तुम्ही घेतली, तिचं हेच दुखणं आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, तेव्हा सगळ्या अवलंबनांचं चित्र त्याच्यासमोर एकत्र असेल हेच गृहीत होतं. डिरेक्टरीगणिक ते चित्र फाडलं की कोणत्याच मेकला पूर्ण दिसत नाही. पीटर मिलर यांनी 1998 मध्ये यावर एक निबंध लिहिला होता, शीर्षकातच त्यांनी या पद्धतीला घातक म्हटलं. माझंही मत तेच आहे. वर एकच मेकफाइल ठेव आणि प्रत्येक डिरेक्टरीतला छोटा तुकडा तिच्यात इन्क्लूड कर. मग मायनस जे देऊन चार कामं एकदम चालवलीस तरी लायब्ररी बांधून व्हायच्या आत लिंक सुरू होणार नाही. सीमेक घेतलंस तर हे आपोआप होतं; कोण कोणावर अवलंबून आहे ते टार्गेट लिंक लायब्ररीजमध्ये खरं खरं सांगितलं की क्रम तोच लावतो. पण खोटं सांगितलं तर तोही काही करू शकत नाही.

संग्रह बांधताना आणखी एक काळजी घे. एआरला आर दिलं की नवी डॉट ओ जुन्याच्या जागी बसते, पण जी फाइल तू प्रोजेक्टमधून काढून टाकलीस तिची डॉट ओ संग्रहात तशीच राहते. महिन्यापूर्वी डिलीट केलेलं फंक्शन आजही लिंक होतं आणि तुझ्या मशीनवर सगळं उत्तम चालतं. मैत्रिणीने कोरी प्रत घेऊन बांधलं की मोडतं. म्हणून नियमाची पहिली ओळ संग्रह पुसणारी हवी, दुसरी बांधणारी. आणि दोन डिरेक्टरींतल्या फाइलींना एकच नाव देऊ नकोस. फाइल कोणत्या डिरेक्टरीतली आहे ते एआर बघत नाही, फक्त तिचं नाव बघते. संग्रहात एक मदत डॉट ओ आहे आणि तू दुसऱ्या डिरेक्टरीतली मदत डॉट ओ भरलीस, तर पहिली गेली.

हे खरोखरच्या मोठ्या कामात कसं दिसतं ते पाहायचं असेल तर जीसीसीचाच सोर्स उतरवून घे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं आणि 'इसेन्शियल ॲबस्ट्रॅक्शन्स इन जीसीसी' या नावाच्या कार्यशाळा झाल्या. एवढ्या अवाढव्य प्रोग्रामच्या आत शिरायचं कसं, हे आपल्याकडच्या पोरापोरींना तिथे शिकवलं गेलं. तू सुरुवात मेकफाइलपासून कर. वरच्या पातळीवर लिबआयबर्टी, लिबसीपीपी, लिबडेकनंबर अशा डिरेक्टऱ्या दिसतील आणि प्रत्येकीची एक स्टॅटिक लायब्ररी. जीसीसी डिरेक्टरीच्या आत कंपायलरचं मुख्य अंग लिबबॅकएंड डॉट ए मध्ये बांधलं जातं. त्या नियमाची पहिली ओळ बघ, जुना संग्रह पुसून टाकते. पुढे, जमत असेल तर तो 'थिन' संग्रह म्हणून बांधला जातो, म्हणजे डॉट ओ फाइली आत न भरता फक्त त्यांच्या वाटा लिहिल्या जातात. त्याने बांधणीचा वेळ वाचतो. आणि लायब्रऱ्यांची यादी वाच. प्रीप्रोसेसरच्या लिबसीपीपीला लिबआयबर्टीतली फंक्शनं लागतात, म्हणून लिबसीपीपी आधी आणि लिबआयबर्टी तिच्या मागे. तुझ्या हिशेब आणि सामाईकचाच क्रम.

आता तुझ्या निरोपातली सगळ्यांत शेवटची ओळ, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. हिशेबमध्ये चूक सापडली की तो छपाईतलं चूक_छाप बोलावतो, आणि छपाईला पट्टीसाठी हिशेब लागतो. म्हणजे दोघं एकमेकांवर. इथे कोणताच क्रम पूर्ण बरोबर होत नाही. मैत्रिणीने स्टार्ट ग्रुप आणि एंड ग्रुप सुचवलं असेल. त्या दोन खुणांमधल्या लायब्रऱ्यांत लिंकर नवं काही मिळेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरतो. चालतं. दुसरा उपाय म्हणजे छपाई, हिशेब, पुन्हा छपाई असं लिहिणं. तेही चालतं, फक्त मेकफाइलमध्ये डॉलर-कॅरेट वापरलंस तर ते दुबार नाव गाळून टाकतं, तिथे डॉलर-प्लस लिहावं लागतं.

दोन्ही उपाय मला ठाऊक आहेत आणि दोन्ही तू वापरू नयेस असं मला वाटतं. दुसऱ्याची लायब्ररी असेल, हात लावता येत नसेल, तर ठीक. स्वतःच्या घरात लिंकर तुला खरी गोष्ट सांगत असताना त्याचं तोंड बंद का करायचं? हिशेबाला छापणं माहीत असायचं कारणच नाही. त्याने चूक सांगणारा आकडा परत करावा आणि काय छापायचं ते मुख्यने ठरवावं. किंवा चूक_छाप सामाईकमध्ये हलव, ती दोघांच्याही खाली आहे. एवढं केलंस की मजुरीचा प्रोग्राम छपाई लायब्ररी न घेताही लिंक होईल, कारण त्याला पट्टी छापायचीच नाही. क्रम लावता येत नाही असं जिथे जिथे वाटेल, तिथे आधी पर्याय शोधू नकोस. कोणतं फंक्शन चुकीच्या डिरेक्टरीत बसलंय ते शोध.

काही गोष्टी पटकन सांगतो. एका डॉट ए च्या पोटात दुसरी डॉट ए भरून चालत नाही, लिंकर आतल्या संग्रहात शोधत नाही. प्रोग्राम सुरू होताच स्वतःची नोंद करणारी डॉट ओ, जिचं नाव कोणीच मागत नाही, ती स्टॅटिक लायब्ररीतून येणारच नाही. तिच्यासाठी 'होल आर्काइव्ह' लावावं लागतं आणि लगेच 'नो होल आर्काइव्ह'ने बंदही करावं लागतं. दोन लायब्रऱ्यांत एकाच नावाचं फंक्शन असेल तर कित्येकदा लिंकर तक्रार न करता आधी भेटेल ते घेतो, म्हणून फाइलीपुरत्या फंक्शनला स्टॅटिक लिही आणि बाकीच्यांना लायब्ररीच्या नावाची सुरुवात दे. दुसऱ्याची एलजीपीएल परवान्याची लायब्ररी स्टॅटिक जोडून प्रोग्राम कोणाला दिलास, तर त्याला ती बदलून पुन्हा लिंक करता यावी म्हणून तुझ्या डॉट ओ फाइली द्यायची तयारी ठेव.

राहिलं दुकानातलं मशीन. तिथे जुनं लिनक्स आहे आणि नेटचा भरवसा नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून एक फाइल नेऊन चालवायची हा तुझा विचार बरोबर आहे. पण तुमच्या चार लायब्रऱ्या स्टॅटिक असल्या तरी सीची मूळ लायब्ररी ग्लिबसी शेअर्डच राहते. नव्या मशीनवर बांधून जुन्यावर नेलंस तर 'ग्लिबसी 2.34 नॉट फाउंड' असा निरोप मिळेल. एक तर दुकानातल्याइतक्याच जुन्या आवृत्तीवर बांध, नाहीतर लिंकच्या ओळीत मायनस स्टॅटिक दे, म्हणजे ग्लिबसीही आत येते. तुझा प्रोग्राम नेटवरची नावं शोधत नाही, म्हणून हे चालेल. गेटॲड्रइन्फो वापरणाऱ्या प्रोग्रामला ग्लिबसी अशा वेळी इशारा देते की चालताना शेअर्ड फाइली लागतीलच. लिंकच्या ओळीत जुना मायनस एलपीथ्रेड असेल तर राहू दे. 2021 च्या ग्लिबसी 2.34 पासून ते सगळं मुख्य लायब्ररीत गेलं आहे आणि त्या नावाची रिकामी डॉट ए जुन्या मेकफाइलींसाठी ठेवलेली आहे.

बांधून झालं की एलडीडी चालव. मायनस स्टॅटिक दिलं असेल तर 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल' आलं पाहिजे. मग सगळं पुसून कोऱ्या प्रतीवरून एकदा मायनस जे चार देऊन बांध, गोल_करामध्ये एक ओळ बदल आणि नुसतं मेक म्हण. पट्टी आणि मजुरी दोन्ही पुन्हा लिंक झालेली दिसली तरच पेनड्राइव्ह घेऊन भिवापूरची गाडी पकड. मेकफाइल मला पाठव, रात्री बसून वाचतो.

तुझा मामा